प्रभारी वधुपिता

श्री म्हसोबा सहकारी साखर कारखान्याच्या केनयार्डातील नंबरटेकर श्री. गणपतराव माने यांनी ५ जानेवारी २००४ रोजी एक दिवसाच्या किरकोळ रजेचा अर्ज सादर केला. ‘कारण’ या रकान्यात त्यांनी ‘स्वतःच्या मुलीचे लग्न’ असे लिहिले. लग्न १२ फेब्रुवारीला, गुरुवारी, दुपारी बारा पस्तीसच्या मुहूर्तावर गडहिंग्लजला होते. सोबत पत्रिका जोडली होती. तिच्यात वधूचे वडील म्हणून अर्जदाराचेच नाव छापलेले असल्याने ती पुरावा म्हणून ग्राह्य धरण्यात आली.

तिसऱ्या दिवशी अर्ज परत आला. त्यावर शेरा होता : ‘हंगाम चालू आहे. कारखाना बंद ठेवता येत नाही.’

एका माणसाच्या एका दिवसाच्या रजेचा आणि कारखाना बंद पडण्याचा संबंध काय, असे बाहेरच्याला वाटेल. कारखान्यात ते कोणालाच वाटले नाही. गणपतरावांना तर मुळीच नाही.

नंबरटेकरचे काम तसे साधे. उसाने भरलेली बैलगाडी किंवा ट्रॅक्टर यार्डाच्या फाटकातून आत आला की त्याला नंबर द्यायचा. नंबराप्रमाणे गाड्या काट्यावर जातात, वजन होते आणि ऊस गव्हाणीत, म्हणजे गाळपाकडे नेणाऱ्या पट्ट्यावर, पडतो. गणपतराव बावीस हंगाम हेच करत होते. गाडी आली की ते चष्म्याच्या वरून तिच्याकडे पाहत आणि ‘हं’ म्हणत. त्या ‘हं’ला कारखान्यात चेअरमनच्या सहीनंतरचा मान होता.

१९९४ साली कारखान्यात संगणक आला. प्रोग्राम लिहिण्याचे काम कोल्हापूरच्या राजारामपुरीत संगणकाची शिकवणी चालवणाऱ्या एका गृहस्थांना मिळाले. ‘काम जसे चालते तसे हुबेहूब यंत्रावर आणावे’ अशी त्यांना लेखी सूचना होती. गृहस्थ प्रामाणिक होते. तीन दिवस ते गणपतरावांच्या शेजारी स्टुलावर बसले आणि जे दिसले ते उतरवून घेऊन गेले. त्यामुळे प्रोग्राममधले फाटक ‘नंबरटेकर’ला विचारत नव्हते, ते गणपतरावांना विचारत होते, नावानिशी. गणपतरावांनी परवलीचा शब्द टाइप करून ‘हं’ अशी खूण केली तरच काटा उघडे. गणपतराव एक वाजून दहा मिनिटांनी डबा सोडत, म्हणून काटा एक दहाला आपोआप बंद होई आणि एक चाळीसला उघडे. गुरुवारी त्यांचा उपवास, म्हणून गुरुवारी काटा बंद होत नसे. शिकवणीवाले बसले होते त्यातल्या दुसऱ्या दिवशी गणपतराव सव्वातीन वाजता दाढ दुखते म्हणून लवंग आणायला उठले होते. तेव्हापासून रोज सव्वातीनला काटा चार मिनिटे अडकायचा, आणि तो का अडकतो हे दहा वर्षांत कोणाला कळले नव्हते.

ती दाढ १९९८ साली शेवटी काढावी लागली. गणपतराव कोल्हापुरात दवाखान्यात पाच तास होते. तेवढ्या वेळात गाड्यांची रांग यार्डातून निघून गावातल्या मराठी शाळेच्या दारापर्यंत गेली आणि शाळा सोडून द्यावी लागली. पुढे कित्येक वर्षे गावातली मुले गणपतरावांच्या उरलेल्या दाढांची आपुलकीने चौकशी करत.

“मी उठलो की कारखाना बसतोय,” असे गणपतराव चारचौघांत सांगत. सांगताना ते तक्रारीचा सूर लावत. पण हात मिशीवर असे.

त्यामुळे रजा नामंजूर झाल्याचे त्यांनी घरी सांगितले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतेच, फक्त त्या दुःखाला इस्त्री केलेली होती. बायडाबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, ती इस्त्री बरोबर दिसली.

“कारखाना दरसाली चालतोय,” त्या म्हणाल्या. “पोरगी एकदाच जानार हाय. आनि जावई तर फौजेत. त्याला पार वर बर्फातनं, सरहद्दीवरनं रजा मिळाली. तुमाला यार्डातनं मिळंना व्हय?”

“सरहद्दीवर दुसरा मानूस उभा करता येतोय,” गणपतराव म्हणाले. “यार्डात न्हाय.”

मुलगी अनुजा आत पत्रिकांवर नावे घालत होती. लहानपणापासून शाळेच्या गॅदरिंगला, दहावीच्या सत्काराला, टायफॉइडमध्ये दवाखान्यात, सगळीकडे तिचे वडील ‘यार्डात’ होते. तिची एवढीच इच्छा होती की अक्षता पडताना ते समोर असावेत. ती तिने आईला एकदा सांगितली होती आणि आईने वडिलांना रोज.

*

त्याच महिन्यात कारखान्याच्या संगणक विभागात संघप्रिया कांबळे ही नवीन प्रोग्रामर रुजू झाली. मलकापूरची मुलगी, कोल्हापुरात शिकलेली. सव्वातीनला काटा का अडकतो हे शोधण्याचे काम तिला पहिल्याच आठवड्यात दिले गेले. तिने जुना प्रोग्राम उघडला आणि चहा गार होईपर्यंत वाचत बसली. लवंग सापडली. उपवास सापडला. गणपतरावांनी बायकोलाही न सांगितलेला परवलीचा शब्द तिथे उघड्यावर लिहून ठेवलेला होता. तो ‘अनुजा’ असा होता.

संघप्रिया सरळ यार्डात गेली आणि गणपतरावांना म्हणाली, “काका, तुम्ही लग्नाला जाणार. मी बघते.”

संचालक मंडळाच्या बैठकीत तिला दहा मिनिटे मिळाली. प्रोग्रामात क्लास असतात, तिने सांगितले, म्हणजे एकेका कामाचे एकेक खाते समजा. आपल्या प्रोग्रामात फाटकाचे खाते गणपतकाकांच्या खात्याला थेट चिकटलेले आहे. एकाला हलवले की दुसरे तुटते. संचालकांच्या चेहऱ्यावर काही उमटेना, तेव्हा तिने खिडकीबाहेर बोट दाखवले. बाहेर ट्रॅक्टर उभे होते.

“ट्रॅक्टरला ट्रॉली कशी जोडतो, सर? हूक आणि पिन. ट्रॅक्टर ट्रॉलीचं गाव विचारत नाही. पिन बसली की झालं. आपण काय केलंय, ट्रॉली ट्रॅक्टरला वेल्डिंग करून टाकलीय.”

हे सर्वांना एकदम समजले. वेल्डिंगचा अनुभव प्रत्येकाला होता.

“म्हणजे गणपतराव नसला तरी यार्ड चालंल?” चेअरमन विजयसिंहांनी विचारले.

“चालेल, सर. त्या कामाच्या अटी आधी लिहून ठेवायच्या. त्याला प्रोटोकॉल म्हणतात. अटी पुऱ्या करील तो नंबरटेकर. तो कोण, कुठला, हे प्रोग्राम विचारणारच नाही. आणि एक फायदा असा की, तपासून बघायला आपण एक नकली नंबरटेकरसुद्धा बसवू शकतो. मी बनवलाय. त्याचं नाव ‘तात्पुरता’.”

कोपऱ्यातल्या एका वयस्कर संचालकांनी खाकरून विचारले की, अशा अटी संचालकांच्याही लिहिता येतात काय. मग विजयसिंहांनी हा प्रयोग केनयार्डापुरता मर्यादित राहील असे स्पष्ट केले आणि ‘माणूस नको, काम बघा’ हे वाक्य भाषणासाठी टिपून घेतले. ठराव एकमताने मंजूर झाला. अटी निश्चित करण्यासाठी कामगार कल्याण अधिकारी हंबीरराव यांच्या निमंत्रकत्वाखाली समिती नेमण्यात आली.

संघप्रियाने समितीला अटी लिहूनच दिल्या होत्या. तीन होत्या. एक : गाडी आली हे पाहता येणे. दोन : ऊस गाळायच्या लायकीचा आहे की नाही हे सांगता येणे. तीन : पुढचा नंबर देता येणे.

समितीने त्या अटींचे कौतुक केले आणि त्या कच्चा मसुदा म्हणून स्वीकारल्या.

सुरक्षा विभागाने सुचवले की नंबरटेकरला फाटकावरचे सगळे पहारेकरी नावाने ओळखता यावेत. शेती विभागाने सुचवले की त्याचा आवाज ट्रॅक्टर चालू असताना ऐकू जावा. गाडीवानांच्या प्रतिनिधीने सांगितले की चष्म्याच्या वरून पाहिल्याशिवाय गाडीवानांना आपली गाडी पाहिली असे वाटतच नाही. तेव्हा ‘चष्म्याच्या वरून पाहण्याची सवय’ ही एकोणतिसावी अट झाली. गुरुवारी काटा विनाखंड चालतो आणि गाळपाचे उद्दिष्ट त्या हिशेबाने ठरलेले आहे, हे लक्षात घेऊन ‘गुरुवारचा उपवास’ ही तेहतिसावी.

सर्वांत नाजूक अट सतरावी होती. तिच्यावर तीन बैठका झाल्या. यार्डात दोनशे गाड्या उभ्या असताना त्यातली संचालकांच्या मेव्हण्याची कोणती, व्याह्यांची कोणती, आणि ती पुढे कशी घ्यायची की पहिल्यापासून पुढेच होती असे सगळ्यांना वाटावे, ही गणपतरावांची खरी विद्या होती. ती त्यांनी कधी बोलून दाखवली नव्हती आणि त्यांना कोणी कधी सांगितलीही नव्हती. संघप्रियाला हे ठाऊक नव्हते. तिने विचारले की सतराव्या अटीत नेमके करायचे काय. समितीतल्या कोणी तिच्याकडे पाहिले नाही. शेवटी ती अट अशी लिहिली गेली : ‘स्थानिक परिस्थितीचे भान.’

अटी एकूण एकेचाळीस झाल्या. त्या पूर्ण करणारा उमेदवार शोधण्यासाठी कारखान्याच्या सूचनाफलकावर जाहिरात लावण्यात आली. बारा जणांनी अर्ज केले. छाननीत एकच टिकला. तो अर्ज गणपतरावांचा होता. त्यांनी अर्ज का केला असे संघप्रियाने विचारले, तेव्हा ते म्हणाले, “सगळं माझ्यासारखंच लिवलंय. बघून ऱ्हावलं न्हाय.”

समितीचा अहवाल २ फेब्रुवारीला सादर झाला. ‘केनयार्डाची व्यवस्था यापुढे कोणत्याही एका व्यक्तीवर अवलंबून राहिलेली नाही,’ असे त्यात समाधानाने नमूद होते. ‘ती एकेचाळीस अटी पूर्ण करणाऱ्या कोणाही व्यक्तीवर अवलंबून आहे. अशी व्यक्ती उपलब्ध झालेली असून तिचे नाव श्री. गणपतराव माने असे आहे.’

गणपतरावांनी रजेचा दुसरा अर्ज केला. या वेळचे उत्तर टाइप केलेले होते : ‘आपणास व्यक्तिशः रजा देण्यास व्यवस्थापनाची हरकत नाही. तथापि, अटी पूर्ण करणाऱ्या इसमास हंगामात रजा देता येत नाही.’

*

विजयसिंह मनाने वाईट नव्हते. लग्नसराईत ते दिवसाला दहा-अकरा लग्नांना अक्षता टाकायला जात आणि प्रत्येक ठिकाणी मुलीच्या बापाच्या खांद्यावर हात ठेवत. गणपतरावांच्या मुलीचे लग्न बापाविना होणार हे त्यांना बरे वाटेना. त्यांनी हंबीररावांना बोलावले.

“लग्नात मुलीचा बाप नेमकं करतोय काय?” त्यांनी विचारले.

हंबीररावांनी बोटांवर मोजले. दारात वराकडच्यांना नारळ-टोपी देऊन या-बसा करतो. कन्यादान करतो. पाठवणीला रडतो.

“तीनच?”

“तीनच, साहेब.”

“मग ह्याचा प्रोटोकॉल का करंनासा?”

तो त्यांनी समोरचा चहा संपायच्या आत केला. समिती लागली नाही, कारण वधुपित्याच्या कामाबाबत कारखान्याच्या कोणत्याही विभागाची हरकत नव्हती. अनुभवाची अट घातली नाही. हंबीररावांना दोन मुलगे होते आणि अट घातली असती तर ते स्वतःच अपात्र ठरले असते. संध्याकाळी आदेश निघाला. हंबीरराव यांची दिनांक १२ रोजी सकाळी दहा ते पाठवणीपर्यंत ‘प्रभारी वधुपिता’ म्हणून नेमणूक करण्यात येत होती. जाण्यायेण्यास कारखान्याची जीप.

आदेशाची प्रत द्यायला हंबीरराव स्वतः माने यांच्या घरी गेले. बायडाबाईंनी त्यांना पाणी दिले, आदेश अनुजाकडून वाचून घेतला आणि विचारले :

“कन्यादानाला जोडीनं बसाय लागतंय. तुमच्या शेजारी मी बसू व्हय?”

हंबीररावांच्या हे लक्षातच आले नव्हते. ते परत गेले आणि दुसऱ्या दिवशी पुरवणी आदेश घेऊन आले. त्यात त्यांच्या सौभाग्यवतींची ‘प्रभारी वधुमाता’ म्हणून नेमणूक होती. एकाला हलवले की शेजारच्यालाही हलवावे लागते, यालाच मी वेल्डिंग म्हणत होते, असे संघप्रियाने विभागात म्हणून पाहिले. तिला सांगण्यात आले की हा विषय संगणकाचा नाही.

“एका मानसाला रजा न्हाय, म्हनून दोन मानसं उसनी आनायची,” बायडाबाई म्हणाल्या. “ह्यो कारखाना साखर तरी कशी काढतोय देव जाणे.”

मग नको म्हणा, असे तुम्ही म्हणाल. चेअरमनने लग्नात दाखवलेल्या आपुलकीला नको म्हणणारे घर त्या तालुक्यात अजून बांधायचे होते.

*

१२ तारखेला सकाळी नऊ वाजता संघप्रिया यार्डाच्या केबिनमध्ये आली. गणपतराव नवा फेटा बांधून खुर्चीत बसले होते. लग्नाला जायचे नसले तरी फेटा बांधायला रजा लागत नाही.

“उठा, काका,” ती म्हणाली. “मी तात्पुरता बसवतेय. फाटकावरचा कारकून गाडी दिसली की बटन दाबेल, तात्पुरता पुढचा नंबर देईल. नोंदवहीत ‘तपासणी चालू’ असं लिहिते. तुम्ही आत्ता निघालात तर साडेदहाला मांडवात.”

“आनि ऊस कोन बघनार? वाळका, किडका, पाचटाचा?”

“गेल्या बावीस वर्षांत तुम्ही किती गाड्या परत पाठवल्या?”

गणपतरावांनी प्रामाणिकपणे आठवले. “एक,” ते म्हणाले. “ती बी इलेक्शनच्या साली. वरनं निरोप आलता.”

संघप्रियाने यंत्र चालू केले. पहिली गाडी आली. तात्पुरत्याने नंबर दिला, काटा उघडला, गाडी गेली. दुसरी आली, गेली. यार्डातला गाडीवान आकाराम आपली मोटारसायकल घेऊन दारात उभा होता; गणपतरावांना गडहिंग्लजला पोचवायचे त्याने कबूल केले होते.

इथे गणपतरावांना उठायचे होते. ते उठले नाहीत.

“जरा बघतो,” ते म्हणाले. “आडकंल आत्ता.”

दहा वाजले. अडकले नाही. गणपतराव चष्म्याच्या वरून पडद्याकडे पाहत होते. प्रत्येक गाडीला त्यांच्या घशात एक ‘हं’ येई आणि त्याच्या आधी काटा उघडलेला असे. आकाराम दोनदा हॉर्न वाजवून गेला. साडेदहाला एक ट्रॅक्टर फाटकातच बंद पडला, तेव्हा गणपतरावांच्या डोळ्यांत चमक आली आणि ते खुर्चीच्या टोकावर आले. ट्रॅक्टरवाल्याने हँडल मारले, ट्रॅक्टर चालू झाला. रांग पुढे सरकली. गणपतराव मागे टेकले.

“मामा, पोरीच्या लग्नाला जायाचं हाय का ह्या डबड्याच्या?” आकाराम दारातून म्हणाला.

“पाच मिंटं,” गणपतराव म्हणाले.

साडेअकरापर्यंत एकशे चौदा गाड्या झाल्या. इतक्या गाड्या त्या वेळेपर्यंत गणपतरावांच्या हयातीत कधी झालेल्या नव्हत्या. ते सावकाश उठले, फेटा सारखा केला, आणि संघप्रियाला म्हणाले, “चांगलं केलंयस, बाई.” तिला ते कौतुक वाटले.

रस्त्यावर कारखान्यालाच येणाऱ्या उसाच्या गाड्या होत्या. आकाराम वाट काढत होता आणि मागून गणपतराव प्रत्येक गाडीचा मालक कोण हे सांगत होते.

मंगल कार्यालयाच्या दारात ते एक वाजायला दहा कमी असताना पोचले. अक्षता पडून गेल्या होत्या. दारात गुलाबपाणी शिंपडणाऱ्या वराकडच्या माणसाने त्यांचा फेटा पाहून आदराने विचारले, “पावणं, तुमी कुणाकडनं?”

“मी मुलीचा बाप.”

“वडील आत हायत की,” तो माणूस म्हणाला, “कन्यादानाला बसल्यात. तुमी बसून घ्या, पंगत होईलच आता.”

आत हंबीरराव सपत्नीक पाटावर बसले होते. अनुजाचा हात त्यांच्या हातात होता आणि वरून बायडाबाई पाण्याची धार धरत होत्या. त्यांनी नवऱ्याला पाहिले आणि धार तशीच धरून ठेवली. गणपतराव पुढे झाले. हंबीरराव उठायला तयारच होते. ते नियमाने चालणारे अधिकारी होते आणि मूळ पदधारक रुजू झाल्यास प्रभाराची मुदत संपते हे त्यांना माहीत होते. पण भटजींनी हात वर केला.

“संकल्प सोडलाय. आता मधेच माणूस बदलता येत नाही.”

सगळ्या प्रकरणात न बदलता येणारी जागा ही एवढीच निघाली, आणि ती भरलेली होती.

गणपतराव पंगतीत बसले. गुरुवारचा उपवास असल्याचे त्यांनी सांगितले, तेव्हा वाढप्याने त्यांच्या पानावर एक केळे ठेवले.

पाठवणीच्या वेळी हंबीररावांनी तिसरी अट पूर्ण केली, आणि अपेक्षेपेक्षा जास्त पूर्ण केली. त्यांना मुलगी नव्हती, त्यामुळे कदाचित खरेच भरून आले असावे. वराकडच्या बायका म्हणाल्या की बाप असावा तर असा. अनुजा गाडीशी आली तेव्हा तिला गर्दीच्या कडेला फेटा दिसला. ती थांबली. आयुष्यात पहिल्यांदा तिचे वडील वेळेला नाही तरी जागेला आलेले होते. मग तिच्या तोंडातून जे बावीस वर्षे घरात बोलले जात होते तेच आले.

“आण्णा, तुमी इथं? मग यार्डात कोन हाय?”

गणपतरावांनी सांगितले की तात्पुरता आहे. तिने मान हलवली आणि ती गाडीत बसली.

*

त्या दिवशी यार्डात तीनशे बारा गाड्यांना नंबर मिळाला. एकाही शेतकऱ्याची तक्रार आली नाही. तक्रारी सहा आल्या, सहाही संचालकांकडून. त्यांच्या मेव्हण्यांच्या आणि व्याह्यांच्या गाड्या रांगेत उभ्या राहिल्या होत्या, आणि त्यांपैकी एकाला तर उन्हात साडेचार तास आपल्या गड्याच्या मागे उभे राहावे लागले होते. चौकशी झाली. तात्पुरत्याला सतराव्या अटीच्या भंगाबद्दल दोषी ठरवून यंत्रातून काढून टाकण्यात आले. तो बाजू मांडायला हजर राहिला नाही, याचीही नोंद घेतली गेली. संघप्रियाला खुलासा विचारण्यात आला. तिने लिहिले, ‘नंबर क्रमाने दिले गेले, ही चूक माझी आहे.’ एप्रिलमध्ये ती पुण्याला नोकरीला गेली.

सव्वातीनची लवंग तिने जाताना काढून टाकली होती. ती परत घालण्यात आली. त्या चार मिनिटांत काट्यावरच्या लोकांना चहा घ्यायची सवय लागली होती.

गणपतराव २००७ साली निवृत्त झाले. निरोपसमारंभात विजयसिंहांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितले की त्यांची जागा कधीही भरून निघणार नाही. ती दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता भरली. नवा नंबरटेकर एका संचालकांचा भाचा होता. एकेचाळीसपैकी एकाही अटीत तो बसत नव्हता, सतरावी सोडून. ती त्याला शिकवावी लागली नाही. बाकीच्या चाळीस शिथिल करण्यात आल्या. यंत्राने त्याचे नाव विचारले नाही, संघप्रियाची पिन तिथेच होती.

गणपतराव त्या दिवशी सात वाजताच कपडे करून ओट्यावर बसले. यार्ड अडले की जीप येणार, हे त्यांना ठाऊक होते. शाळेकडून येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी रांग कुठपर्यंत आली म्हणून विचारले. रांग यार्डातच होती. तिसऱ्या दिवशी बायडाबाईंनी त्यांच्या मांडीवर मेथीची जुडी ठेवली.

“निवडा,” त्या म्हणाल्या. “ह्याला तरी दुसरा मानूस न्हाय घरात.”

अनुजाच्या लग्नाचा आल्बम अजून त्यांच्या टीव्हीखाली आहे. बहात्तर फोटो आहेत. त्यांपैकी एकोणसाठांत हंबीरराव आहेत, आणि ते सर्व फोटोंत फार चांगले आले आहेत. पाहुणे बघतात, मुलीचे वडील उमदे दिसतात म्हणतात, आणि गणपतराव त्यांना चहा देतात. त्यांचा स्वतःचा फोटो एक आहे. पंगतीतला. वाढप्याच्या कोपरामागून अर्धा फेटा दिसतो, आणि पानावर केळे.

तुमच्या ऑफिसचे तुमच्यावाचून अडते, हे मला मान्य आहे. तुम्ही इतक्या वर्षांपासून सांगता आहात, तेव्हा अडतच असणार. रजा टाका असे मी म्हणत नाही. फक्त येत्या रविवारी घरातला आल्बम काढा आणि तुम्ही कुठे आहात ते शोधा. चटकन सापडला नाहीत तर घाबरू नका. वाढप्याच्या कोपरामागे बघा.